समृद्ध देश, समर्थ सेना

मराठी राज्यकारभाराचे मर्म सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी एक लहानशी सूचना आली आहे. आरमारासाठी थोर लाकूड लागते. ते राज्यातील अरण्यांतून परवानगीने तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे. परंतु रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, असे अमात्य बजावतात. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे जतन केलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच ते न्यावे. समुद्रावर शत्रू उभा असताना लिहिलेले हे शब्द आहेत. जहाज तर हवेच. पण ज्या रयतेच्या रक्षणासाठी जहाज बांधायचे, तिच्या दारचे झाड तोडून ते बांधले तर रक्षण कोणाचे केले, असा प्रश्न त्यांच्या मागे आहे.

उदयाला येणाऱ्या प्रत्येक राष्ट्रापुढे हा जहाजाचा आणि झाडाचा प्रश्न उभा राहतो. त्याच्या सीमेवर बलाढ्य शेजारी असतात आणि त्याच्या घरात शाळा, रस्ते, पाटबंधारे, दवाखाने यांची वाण असते. तिजोरी मात्र एकच असते. अर्वाचीन काळात हा प्रश्न ज्या देशात अगदी आरंभापासून अखेरपर्यंत, सर्व परिणामांसह पाहावयास मिळतो, तो देश म्हणजे जपान. इसवी सन १८६८ ते १९४५ या ७७ वर्षांत जपानने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले, ते काही काळ जपले आणि अखेरीस गमावले. त्या उत्तराची कथा लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे.

१८५३ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी चार काळ्या युद्धनौका घेऊन जपानच्या किनाऱ्यावर आला. दोन शतकांहून अधिक काळ दार लावून बसलेल्या त्या देशाला ते उघडावे लागले. पाच वर्षांनी, १८५८ साली, जे करारमदार झाले त्यांत जपानने दोन मोठे हक्क गमावले. परकी माणसाने जपानी भूमीवर गुन्हा केला तर त्याचा न्याय जपानी न्यायाधीशाने करावयाचा नाही, आणि परदेशी मालावर किती जकात घ्यावयाची हेही जपानने एकट्याने ठरवावयाचे नाही. शेजारच्या चीनची दुर्दशा अफूच्या युद्धापासून जपान डोळ्यांनी पाहत होता. तेव्हा १८६८ मध्ये शोगुनाची सत्ता जाऊन सम्राट मेइजीच्या नावाने नवे सरकार आले, त्या वेळी त्याने एक जुने चिनी वचन आपले ब्रीद म्हणून उचलले. त्याचा अर्थ, समृद्ध देश, समर्थ सेना.

हे चार शब्द एका दमात उच्चारता येतात, पण त्यांची किंमत एका दमात चुकती करता येत नाही. नव्या सरकारला एकाच वेळी सारे हवे होते. १८७२ साली सर्व मुलामुलींसाठी प्राथमिक शाळा काढण्याचा हुकूम सुटला, तोक्यो आणि योकोहामा यांच्यामध्ये रेल्वे सुरू झाली, तोमिओका येथे रेशमाची नमुनेदार गिरणी उभी राहिली. १८७३ साली सक्तीची लष्करभरती आली आणि त्याच वर्षी जमिनीच्या किमतीवर शेकडा तीन या दराने रोख सारा बसला. या शिवाय जुन्या सामुराई घराण्यांना द्यावयाच्या तनख्यांतच सरकारी खर्चाचा सुमारे तिसरा हिस्सा निघून जात होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर एकाच वर्षात त्याच्याकडे रोख पैसा मागितला गेला, त्याचा मुलगा शाळेसाठी मागितला गेला आणि दुसरा मुलगा पलटणीसाठी. अनेक प्रांतांत दंगे झाले. काही ठिकाणी नव्या शाळाच जाळल्या गेल्या.

नेमक्या याच वेळी कोरियाचा प्रश्न निघाला. कोरियाने जपानच्या नव्या सरकारशी पत्रव्यवहार करण्याचे नाकारले होते. हा अपमान आहे, त्याचे उत्तर तलवारीने दिले पाहिजे, असे मानणारा एक प्रबळ पक्ष दरबारात होता. त्याचा नेता सायगो ताकामोरी हा राज्यक्रांतीचा सर्वांत लोकप्रिय वीर. मला वकील म्हणून एकट्याला कोरियात पाठवा. तेथे माझा वध होईल आणि युद्धाला न्याय्य कारण मिळेल, अशी त्याची योजना होती. सामुराई बेकार झाले होते. त्यांच्या शौर्याला बाहेर वाट मिळेल आणि घरातील असंतोषही शमेल, हा त्यामागचा हिशेब. १८७३ च्या ऑगस्टमध्ये त्याची योजना जवळजवळ मान्यही झाली.

त्या वेळी सरकारातील अर्धे प्रमुख पुरुष परदेशी होते. इवाकुरा तोमोमी याच्या नेतृत्वाखाली १८७१ च्या डिसेंबरात एक मोठे शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोप पाहण्यास निघाले होते. सायगोचा बालपणापासूनचा मित्र ओकुबो तोशिमिची त्यात होता. ओकुबोने मँचेस्टरच्या कापडगिरण्या, लिव्हरपूलच्या गोद्या, ग्लासगोचे कारखाने पाहिले. बर्लिनमध्ये बिस्मार्कच्या तोंडून त्याने ऐकले की, बलवान राष्ट्रांना जेव्हा सोयीचे असते तेव्हाच ती आंतरराष्ट्रीय कायदा पाळतात. याचा धडा केवळ सैन्य वाढवणे एवढाच घेता आला असता. ओकुबोने त्याहून खोल धडा घेतला. युरोपची तोफ त्याने पाहिली आणि त्या तोफेमागचा कोळसा, लोखंड, आगगाडी आणि शाळाही पाहिली.

मायदेशी परतल्यावर, १८७३ च्या ऑक्टोबरात, ओकुबोने कोरियाच्या स्वारीविरुद्ध सात मुद्द्यांचे एक टिपण सादर केले. राज्याची घडी अद्याप बसलेली नाही. लोक नव्या हुकुमांनी गोंधळले आहेत. खर्च अफाट येईल, तो भागवण्यासाठी कर वाढवावे लागतील किंवा कागदी चलन छापावे लागेल. हाती घेतलेले उद्योग अर्ध्यावर बंद पडतील. निर्यातीपेक्षा आयात अधिक आहे, त्यात शस्त्रांच्या खरेदीने आणखी भर पडेल. उत्तरेला रशिया टपून बसला आहे. शिंपला आणि पाणपक्षी एकमेकांना धरून बसले म्हणजे कोळी जसा दोघांनाही उचलतो, तसा तो लाभ घेईल. आणि इंग्लंडचे कर्ज डोक्यावर आहे. ते फेडता आले नाही तर तेच निमित्त करून इंग्लंड देशाच्या कारभारात हात घालील. या ठिकाणी ओकुबोने हिंदुस्थानचे उदाहरण दिले आणि तो देश परक्यांच्या ताब्यात कसा गेला याकडे नीट पाहण्याचा इशारा दिला. ज्या दाखल्याने जपानी मुत्सद्दी सावध झाला, तो दाखला आपल्याच देशाचा होता, हे मराठी श्रोत्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या टिपणाचे महत्त्व असे की, त्यात घरची गरज आणि बाहेरचे संरक्षण हे दोन विरोधी पक्ष म्हणून मांडलेले नाहीत. रिकामी तिजोरी, अपुरे उद्योग आणि अस्वस्थ प्रजा हीच देशाच्या तटबंदीतील भगदाडे आहेत, असे ओकुबोचे म्हणणे होते. अखेर त्याचा पक्ष जिंकला. सायगो आणि त्याचे सहकारी राजीनामे देऊन गेले. ओकुबोने त्याच वर्षी गृहखाते स्थापन केले आणि शेती, उद्योग, दळणवळण यांकडे लक्ष वळवले.

ओकुबो शांततेचा पुजारी होता, असे मात्र समजू नये. कोरियाची स्वारी थांबवणाऱ्या याच सरकारने १८७४ मध्ये तैवानवर मोहीम पाठवली. तिच्या निषेधार्थ किदो ताकायोशी या ज्येष्ठ सहकाऱ्याने राजीनामा दिला. चीनकडून मिळालेली भरपाई मोहिमेच्या खर्चाच्या मानाने फारच अपुरी ठरली. १८७६ साली जपानने कोरियावर तसाच विषम करार लादला, जसा जपानवर पाश्चात्त्यांनी लादला होता. तरीही ओकुबोच्या ठायी एक गुण होता. खाली किती ओझे पडते आहे, याची त्याला जाण होती. १८७६ च्या अखेरीस शेतकऱ्यांचे मोठे उठाव झाले, तेव्हा त्याच्याच सल्ल्याने १८७७ च्या जानेवारीत जमिनीचा सारा शेकडा तीनवरून अडीचवर आणला गेला. पुढच्याच महिन्यात सायगोच्या नेतृत्वाखाली सात्सुमाच्या सामुराईंचे बंड पेटले. त्या बंडाचा बीमोड करण्यास सुमारे ४ कोटी २० लाख येन लागले, म्हणजे सरकारच्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळपास. ते बंड चालू असतानाच ऑगस्टमध्ये ओकुबोने तोक्योच्या उएनो बागेत देशातील पहिले औद्योगिक प्रदर्शन भरवले. दक्षिणेत तोफा धडाडत होत्या आणि राजधानीत नांगर, माग आणि रेशमाचे नमुने मांडले जात होते.

१८७८ च्या मे महिन्यात असंतुष्ट सामुराईंनी ओकुबोचा खून केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक घटना घडली, जिच्याकडे त्या काळी थोड्यांचेच लक्ष गेले असेल. लष्कराचे सर्वोच्च सेनाकार्यालय मंत्रिमंडळापासून वेगळे काढून थेट सम्राटाच्या हाताखाली ठेवण्यात आले. सैन्य कोठे आणि कसे वापरावयाचे, हा विषय मुलकी सरकारच्या कक्षेबाहेर गेला. पुढे १८८९ च्या राज्यघटनेने या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले. तराजूची दोन पारडी तीच राहिली; तो धरणारे हात मात्र दोन झाले.

पुढील काळात तिजोरी सावरण्याचे काम मात्सुकाता मासायोशी या अर्थमंत्र्याने केले. १८८१ पासून त्याने कागदी चलन आटवले, १८८२ साली मध्यवर्ती बँक स्थापन केली, सरकारी कारखाने विकून टाकले. देशाची पत वाढली. परंतु तिची किंमत खेड्यांनी मोजली. तांदळाचा भाव काही वर्षांतच निम्म्यावर आला आणि रोख सारा मात्र तेवढाच राहिला. असंख्य लहान शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या. १८८४ साली चिचिबूच्या डोंगराळ भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी उठाव केला आणि तो सैन्याने मोडला. याच काटकसरीच्या वर्षांत लष्कर आणि आरमार यांचा खर्च मात्र मद्यावरील वाढीव कर बसवून वाढवण्यात येत होता. खर्चाला कात्री लागली, ती सगळीकडे सारखी लागली नाही.

१८९० मध्ये जपानी संसद भरली. मत देण्याचा अधिकार फारच थोड्या, सारा भरणाऱ्या पुरुषांना होता. तरी त्या मूठभरांच्या प्रतिनिधींनीही पहिल्याच वर्षांपासून एक मागणी लावून धरली, की आधी लोकांना विसावा द्या, सारा कमी करा. उलट पंतप्रधान यामागाता आरितोमो याने सभागृहात सांगितले की, राष्ट्राने केवळ आपल्या सीमेचे रक्षण करून भागत नाही. सीमेपलीकडच्या हितसंबंधांच्या रेषेचेही रक्षण केले पाहिजे. ती रेषा त्याच्या मते कोरियातून जात होती. या विचारात एक धोका लपलेला होता. हितसंबंधांची रेषा राखण्यासाठी एकदा पुढे सरकले की नवी सीमा तयार होते, आणि त्या सीमेपुढे पुन्हा नवी रेषा दिसू लागते. १८९३ मध्ये संसदेने युद्धनौकांचा खर्च नामंजूर केला, तेव्हा सम्राटाने स्वतःच्या खासगी खर्चातून सहा वर्षे दरसाल तीन लाख येन देण्याचे जाहीर केले आणि सरकारी नोकरांच्या पगाराचा दहावा हिस्सा कापला जाऊ लागला. सम्राटाने दिल्यावर प्रतिनिधी नाही कसे म्हणणार? विरोध मावळला.

१८९४-९५ मध्ये चीनशी युद्ध झाले आणि जपान जिंकला. चीनकडून सुमारे ३६ कोटी येन खंडणी मिळाली. तिच्या वाटणीवरून काळाचा कल कळतो. चार-पंचमांशांहून अधिक रक्कम लष्कर आणि आरमार यांच्याकडे गेली. शिक्षणासाठी एक कोटी आणि नैसर्गिक आपत्तींसाठी एक कोटी बाजूला काढण्यात आले. युद्ध फायद्याचा व्यवहार ठरू शकतो, अशी घातक समजूत येथे रुजली. १८९८ मध्ये सारा पुन्हा वाढला.

दहा वर्षांनी रशियाशी गाठ पडली. १९०५ सालच्या जपानच्या विजयाने सारा आशिया खंड पुलकित झाला; महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनीही त्याचा गौरव केला. एका आशियाई राष्ट्राने युरोपच्या साम्राज्याला नमवले, हे खरोखरच मोठे होते. परंतु त्या विजयाचा जमाखर्च फार थोड्यांनी पाहिला. युद्धास १७० कोटी येनांहून अधिक खर्च आला आणि त्यांपैकी सुमारे ८० कोटी लंडन, न्यूयॉर्क आदी परदेशी बाजारांतील कर्जातून उभे राहिले. हे कर्ज मिळवून आणणारा माणूस होता ताकाहाशी कोरेकियो. एका सामान्य पायदळ सैनिकाच्या घरी दत्तक वाढलेला, मुलगा असताना शिकण्यासाठी अमेरिकेला गेलेला आणि तेथे फसवला जाऊन घरगडी म्हणून राबलेला हा मनुष्य जपानी बँकेचा उपाध्यक्ष झाला होता. पहिल्या कर्जासाठी त्याला देशाचे जकातीचे उत्पन्न तारण म्हणून लिहून द्यावे लागले. कोणतीही विजयी सेना किती बारीक दोऱ्यावर लोंबकळत असते, हे ताकाहाशीने त्या वर्षी सावकारांच्या कचेऱ्यांत पाहिले. ते तो विसरला नाही.

पोर्ट्समथच्या तहात रशियाने एक रुबलही खंडणी दिली नाही. करांनी आणि मृत्यूंनी पोळलेली तोक्योची जनता हिबिया बागेत जमली आणि दंगल उसळली. सरकारने लोकांना विजय सांगितले होते, तिजोरीची अवस्था सांगितली नव्हती. हा दोष लहान नव्हता. लोकांपासून हिशेब लपवला, की ते अशक्य गोष्टींची मागणी करू लागतात.

१९१० मध्ये कोरिया जपानी साम्राज्यात ओढला गेला. एका देशाच्या सुरक्षेसाठी दुसऱ्या देशाचे स्वातंत्र्यच संपले. पण त्याने तरी सुरक्षेची भूक भागली का? १९१२ साली लष्कराने त्याच कोरियासाठी आणखी दोन डिव्हिजन मागितल्या. पैसा नाही, म्हणून सायोंजीच्या मंत्रिमंडळाने नकार दिला. तेव्हा युद्धमंत्र्याने राजीनामा दिला आणि लष्कराने दुसरा मंत्री देण्याचे नाकारले. युद्धमंत्री सेवेत असलेला सेनाधिकारीच असला पाहिजे, असा नियम १९०० पासून होता. त्यामुळे मंत्रिमंडळच कोसळले. अर्थमंत्र्याच्या नकाराला आता लष्कराच्या मर्जीपुरतीच किंमत उरली, हे त्या दिवशी उघड झाले.

१९१८ च्या उन्हाळ्यात घरातील भूक आणि बाहेरील मोहीम यांचा संबंध अगदी उघडपणे दिसला. महायुद्धाच्या तेजीत तांदळाचे भाव चढले होते. सायबेरियात सैन्य जाणार, लष्कर तांदूळ खरेदी करणार, अशा अंदाजाने व्यापाऱ्यांनी साठे केले. तोयामा प्रांतातील उओझू या कोळ्यांच्या गावात स्त्रिया बंदरावर गेल्या आणि आमच्या गावचा तांदूळ बाहेर पाठवू नका म्हणून अडून बसल्या. ती ठिणगी देशभर पसरली. सायबेरियाला निघालेल्या देशाला आपल्याच शहरांत फौज उतरवावी लागली. सप्टेंबरात मंत्रिमंडळ गेले आणि हारा ताकाशी हा पक्षनेता पंतप्रधान झाला. त्याचा अर्थमंत्री ताकाहाशी.

पुढील दहा-बारा वर्षे या कथेतील आशेची वर्षे होत. १९२१ च्या सुमारास सरकारी खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग लष्कर आणि आरमार खात होते. ताकाहाशीने तर १९२० मध्येच एका टिपणात सर्वोच्च सेनाकार्यालय रद्द करावे असे सुचवले होते. १९२१ च्या नोव्हेंबरात हाराचा खून झाला आणि ताकाहाशी पंतप्रधान झाला. त्याच महिन्यात वॉशिंग्टनची नौदल परिषद भरली. अमेरिका आणि इंग्लंड यांच्या पाच-पाच मोठ्या नौकांमागे जपानने तीन ठेवाव्यात, हे प्रमाण जपानी आरमारातील अनेकांना अपमानास्पद वाटले. परंतु आरमारमंत्री कातो तोमोसाबुरो याने, जो स्वतः रशियाविरुद्धच्या सागरी लढाईत सहभागी झालेला सेनानी होता, ते मान्य केले. त्याचा युक्तिवाद साधा होता. राष्ट्राचे संरक्षण ही एकट्या सैनिकांची मिरास नव्हे; पैशाशिवाय युद्ध होत नाही; जपानला कर्ज देऊ शकेल असे राष्ट्र अमेरिकाच आहे; मग अमेरिकेशी युद्ध करायला कर्ज कोणाकडून आणायचे? तेव्हा युद्ध टाळणारी मुत्सद्देगिरी हेच खरे संरक्षण. या दशकाच्या उत्तरार्धात लष्करी खर्चाचे प्रमाण शेकडा ३० च्या खाली आले आणि त्यामुळे जपान दुर्बळ झाला, असे कोणी म्हणू शकले नाही.

मग १९३० ची मंदी आली. अमेरिकेतील रेशमाची मागणी आटली आणि रेशमाच्या किड्यांवर जगणारी लक्षावधी शेतकरी कुटुंबे उघडी पडली. १९३१ मध्ये उत्तरेकडील भागात पीक बुडाले. बापांनी मुली विकल्या. या गावांतील मुलेच पलटणीत होती आणि त्यांची दुःखे तरुण अधिकाऱ्यांना रोज कळत होती. त्यांचा संताप खरा होता, पण त्यांना सुचलेला उपाय भयंकर होता. जमीन हवी? ती मांचुरियात आहे. १९३१ च्या सप्टेंबरात लष्कराने सरकारला न विचारता मांचुरिया घेतला. कित्येक वर्षे घरच्या गरजेचे नाव घेऊन युद्धाला विरोध होत असे. आता त्याच गरजेचे नाव घेऊन युद्ध मागितले जाऊ लागले.

डिसेंबरात ७७ वर्षांच्या ताकाहाशीला पुन्हा अर्थखात्यात बोलावण्यात आले. त्याने येन सोन्यापासून सोडवला, कर्जरोखे मध्यवर्ती बँकेला घ्यावयास लावले, खेड्यांत रस्ते आणि कालव्यांची कामे काढली. जगातील बहुतेक देशांच्या आधी जपान मंदीतून बाहेर पडू लागला. या पैशाचा मोठा वाटा लष्करालाही मिळाला, हे नाकारता येणार नाही. दार त्यानेच उघडले होते. पण उद्योगांना काम मिळाल्यावर आता हात आखडला नाही तर चलन फुगेल, हे त्याने ओळखले. १९३५ च्या नोव्हेंबरात अंदाजपत्रकाची बैठक रात्रभर चालली. खनिजांनी गरीब असलेल्या देशाने श्रीमंत राष्ट्रांशी शस्त्रांची शर्यत लावू नये, आपत्तींनी पिचलेल्या खेड्यांकडे पाहावे, असे वृद्ध अर्थमंत्री सेनाधिकाऱ्यांना सुनावत होता. ओकुबोच्या सात मुद्द्यांचाच तो प्रतिध्वनी होता.

२६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे, बर्फ पडलेल्या तोक्योत, बंडखोर अधिकारी ताकाहाशीच्या घरात शिरले आणि त्यांनी त्याला बिछान्यातच ठार केले. बंड मोडले, अधिकाऱ्यांना फाशीऐवजी गोळ्या घालण्यात आल्या. पण त्यांचा हेतू साध्य झाला. युद्धमंत्री सेवेतील अधिकारीच हवा, हा मध्यंतरी शिथिल झालेला नियम मे महिन्यात पुन्हा आला. नव्या अर्थमंत्र्याने लष्कराच्या मागण्या मान्य केल्या. १९३७ मध्ये चीनशी सर्वंकष युद्ध सुरू झाले आणि सरकारी खर्चाचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग सैन्याकडे जाऊ लागला.

आता नाही म्हणणारे कोणी उरले नव्हते. त्या मोकळ्या मैदानात सुरक्षा तरी मिळाली का? ज्या तेलावर आरमार चालत होते, त्यातील सुमारे चार-पंचमांश अमेरिकेतून येत होते. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ते बंद झाले. कातोने वीस वर्षांपूर्वी दाखवलेला खड्डा तोच होता. त्याच वर्षी मोठ्या शहरांत तांदळाचे शिधावाटप सुरू झाले; पुढे मंदिरांच्या घंटाही वितळवल्या गेल्या. १९४५ पर्यंत सुमारे ३० लाख जपानी मेले आणि चीन, कोरिया, आग्नेय आशियात त्याहून कित्येक पटींनी माणसे मेली. झाडही गेले आणि जहाजही बुडाले.

युद्धानंतर जे घडले ते अधिकच विचार करायला लावणारे आहे. १९४६ पासून जमीनसुधारणा झाली. लागवडीखालच्या जमिनीपैकी जवळजवळ निम्मी जमीन कुळे कसत होती. काही वर्षांत ते प्रमाण सुमारे दहाव्या हिश्शावर आले. ज्या शेतकऱ्यासाठी मांचुरिया जिंकावयाचा होता, त्याचा प्रश्न परमुलखातील एक वीतही न घेता, घरच्या घरी कायद्याने सुटला. पंतप्रधान योशिदा शिगेरू याने अमेरिकेच्या मैत्रीच्या आश्रयाने संरक्षणाचा खर्च मर्यादित ठेवला आणि देशाची उभारणी केली. १९७६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा एक या मर्यादेचा ठरावही झाला, जो १९८७ च्या अंदाजपत्रकापर्यंत टिकला. तेही उत्तर कायमचे नव्हते. दुसऱ्याच्या छत्राखालची ती सावली होती. शेजारची परिस्थिती बदलली तशी २०२२ च्या डिसेंबरात जपानी सरकारने २०२७ पर्यंत हे प्रमाण शेकडा दोनवर नेण्याचे ठरवले. ज्या देशात चौथ्या हिश्शाहून अधिक लोक पासष्टीच्या पुढचे आहेत, तेथे हा पैसा वृद्धांच्या सेवेतून काढावा, नवे कर बसवावेत की कर्ज घ्यावे, यावर वाद झाला. पण तो वाद संसदेत, वृत्तपत्रांत, दिवसाउजेडी झाला.

संरक्षणावर किती खर्च करावा, याचे कोणतेही नेमके प्रमाण ही कथा सांगत नाही. १८७३ चे प्रमाण १९०४ ला लागू पडत नव्हते, १९०४ चे १९३६ ला नाही. शेजारी खरोखरच आक्रमक असेल तर जहाज बांधावेच लागते; त्या वेळी नुसते झाड धरून बसणेही आत्मघाताचे ठरते. प्रमाण काळाप्रमाणे बदलणारच. जपानच्या अनुभवातून ठळकपणे दिसते ते इतकेच की, जोवर एकाच मेजाभोवती सेनापती, अर्थमंत्री आणि लोकांचा प्रतिनिधी बसत होते, आणि त्यांच्यापैकी कोणालाही नाही म्हणण्याची मुभा होती, तोवर त्या देशाला चुका दुरुस्त करता आल्या. ओकुबोची तैवानची मोहीम, मात्सुकाताची कठोर काटकसर, रशियाच्या युद्धाचे कर्ज, या सर्वांतून तो सावरला. नाही म्हणणारा माणूस देशद्रोही ठरू लागला आणि अखेर त्याला अंथरुणात मारण्यात आले, त्यानंतर मात्र सावरण्याची संधी उरली नाही.

आज उदयोन्मुख म्हणवणारी राष्ट्रे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या सीमा शांत नाहीत. त्यांच्या अंदाजपत्रकांतील आकडे वाचताना सेनेला किती मिळाले हे जसे पाहावे, तसे हेही पाहावे, की ते आकडे ठरवताना उओझूच्या कोळिणींच्या वतीने बोलणारे कोणी त्या खोलीत होते का, आणि बोलून झाल्यावर ते सुखरूप घरी गेले का.